जोड बार

माझ्या थोरल्या मुलीचं, विजयमालेचं लग्न झालं त्या साली वऱ्हाडानं आपलं पाणी आपण आणलं होतं. दोन बैलगाड्यांत पिंपं भरून. वैशाख होता, साल एकोणीसशे बहात्तर. व्याह्यांनी ते समजुतीनं केलं, पण मांडवात मला मान वर करवली नाही. त्यानंतरचा पावसाळाही कोरडा गेला आणि दिवाळी सरल्यावर खर्ड्याला सरकारनं सुरुंगवाल्यांचा वर्ग काढला.

जुन्या विहिरी खोल करायच्या होत्या, नव्या पाडायच्या होत्या. जिलेटिनच्या कांड्या परवाना असणाऱ्यालाच मिळणार, आणि परवाना हवा तर तीन महिने वर्गात बसायचं, असा हुकूम निघाला. पंच्याहत्तर दिवसांपैकी साठ दिवस हजेरी लागली पाहिजे. आम्ही एकतीस जणांनी नावं घातली. सगळे दहा-दहा, वीस-वीस वर्षं विहिरी फोडणारे. काहींना नातवंडं झालेली.

माझी धाकटी बहीण मालन वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं आली. तिचा नवरा रंगनाथ हा आमच्या भागातला सगळ्यात धीट सुरुंगवाला. मी त्याला दाजी म्हणायचो. वय चौतीस, अंगानं सडपातळ, तोंडात सारखी शीळ. मालन दारातच बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दादा, ह्यांचं नाव घातलं का?"

"घातलं की. परवाना मिळंल."

"परवान्याचं मला काय करायचं न्हाई. दोन बारी मरता मरता वाचल्यात. तिसऱ्या बारी मी कुनाकडं बघू? तिथं जिवाला जपायचं शिकवत्यात म्हनं. तेवढं ह्यांच्या डोक्यात घाल. एक दिस चुकू देऊ नको."

"न्हाई चुकू देनार," मी म्हणालो.

आमचं काम ज्यानं पाहिलं नाही त्याला थोडं सांगितलं पाहिजे. विहिरीच्या तळाला खडकात पाच-सहा भोकं पाडायची, त्यांत कांड्या भरायच्या, प्रत्येकाची वात बाहेर ठेवायची. वाती पेटवल्या की यारीच्या, म्हणजे काठावरच्या हातरहाटाच्या, बादलीत बसायचं आणि वरच्यांनी ओढून घ्यायचं. मग काठापासून लांब उभं राहून बार मोजायचे. सहा पेटवले आणि सहा ऐकू आले तर काम झालं. पाच ऐकू आले तर दोनांतलं एक. एकतर एक बार खाली झोपलाय, नाहीतर दोन बार एकाच क्षणी उडालेत. एकदम उडालेल्या दोनांना आम्ही जोड म्हणायचो. जोड असेल तर खाली जायला हरकत नाही. झोपलेला असेल तर वात आत धुमसत असते, आणि तो कधी जागा होईल ते कुणी सांगू शकत नाही. घड्याळ कुणाजवळ नव्हतं. दोन विड्या ओढून व्हायच्या, मग खाली उतरायचं, एवढाच आमचा हिशेब. मेले ते बहुतेक सगळे, जोड समजून झोपलेल्या बारावर उतरलेले होते.

वर्ग भरायचा बियाण्याच्या जुन्या गोदामात. वर पत्रा. बसायला कुठूनतरी आणलेली बाकं, तिसरी-चौथीच्या पोरांची. घण मारून ज्यांच्या पाठी दगड झालेल्या ती माणसं गुडघे हनुवटीला लावून त्या बाकांत बसली. ते दृश्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं. एकतीस सतरंज्या मागितल्या असत्या तर आम्ही घरून आणल्या असत्या. पण विचारलं कुणी?

शिकवायला विष्णुपंत होते. पन्नाशीचे, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. कुठल्याशा खाणीच्या कचेरीत वीस वर्षं कारकुनी केलेले. नियम त्यांना तोंडपाठ. वातीला मात्र कधी काडी लावलेली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी हजेरी घेतली.

"रंगनाथ कोण? अरे, उभा राहा. नाव पुकारलं की उभं राहायचं."

दाजी जागचा हलला नाही. "बाकातनं निघालो की हुबा ऱ्हातो, गुरुजी. सध्या अडाकलोय."

सगळं गोदाम हसलं. विष्णुपंतांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांना अहो-जाहो करायला लागले, पण शिकवणं तेच राहिलं. हातात सरकारी पुस्तिका, चाळीस पानांची. पहिलं पान, स्फोटक द्रव्याची व्याख्या. ती त्यांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली आणि वहीत उतरवून घ्या म्हणाले. एकतिसांपैकी लिहिता येणारे चार. उरलेले सत्तावीस फळ्याकडं बघत बसले.

मी त्या चारांतला. अडतिसाव्या वर्षी गावच्या देवळातल्या प्रौढ वर्गात अक्षरं शिकलो होतो. म्हणून विष्णुपंतांनी मला मॉनिटर केलं. त्यांचा घसा बसला की पुस्तिका मी वाचायची. श्रीमंत नावाचा एक जण होता, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "मच्छिंद्रराव, आता आमच्या कानाला धरनार का तुमी? धरा, पन डाव्या. उजवा कान बारानं गेलाय."

पंधरा दिवसांत वर्गाची रया गेली. मागच्या बाकांवर माणसं घायपाताच्या दोऱ्या वळायला लागली. एक जण सरळ घोरायचा. विडी ओढायला म्हणून बाहेर गेलेला तास संपल्यावर यायचा. विष्णुपंत खाली मान घालून वाचत राहायचे. द्रव्य, तापमान, साठवणूक, नोंदवही. समोर कोण जागं आहे ते त्यांनी कधी वर बघून पाहिलं नाही. मला तर वाटतं, मुद्दाम पाहिलं नाही.

नाताळाच्या सुमारास आम्ही अकरा उरलो. दाजी तीन दिवस आला नव्हता. मी सायकल काढून त्याच्या वस्तीवर गेलो. तो बांधावर बसून पहारीला धार लावत होता.

"दाजी, चला."

"कुठं? व्याख्या ऐकायला?" तो म्हणाला. "मच्छिंद्रराव, मी सुरुंगाला व्याख्या सांगू का? म्हंजी तो दबकून उडंल?"

"परवाना जाईल."

"जाऊ दे. इथं दगड फोडला तर दगड तरी फुटतो. तिथं निसतं बूड दुखतं."

मालन घरातनं ऐकत होती. ती बाहेर आली नाही, पण भांडं आपटल्याचा आवाज आला. माझा राग दाजीवर नव्हता. त्याचं म्हणणं खरं होतं. मी तसाच परत फिरलो आणि सायकल गोदामाच्या भिंतीला टाकून आत शिरलो. विष्णुपंत पुस्तिकेचं बाविसावं पान उघडून बसले होते.

"गुरुजी, ही मान्सं पोरं न्हाईत," मी म्हणालो. आवाज चढला होता, तो मी खाली आणला नाही. "वीस वीस वर्षं मरन बघत आल्यात. त्यास्नी एकदा तरी तोंड उघडू द्या. तुमी वाचताय कुनासाठी? पत्र्यासाठी?"

"अभ्यासक्रम आहे तो," विष्णुपंत म्हणाले. "मला वर उत्तर द्यावं लागतं. आणि आजचं पान महत्त्वाचं आहे, न उडालेल्या बाराचं."

"ऐकनार कोन? अकरा जन? त्यातलं पाच झोपलेलं?"

मी त्यांच्या हातातली पुस्तिका घेतली, मिटली आणि टेबलावर ठेवली. त्यांनी मला तसं करू दिलं. मग मी अकरा जणांकडं वळून म्हणालो, "आज वाचायचं न्हाई. आज ज्यानं त्यानं आपला सगळ्यात वाईट बार सांगायचा."

मग गोरक्ष उठला. गोरक्ष कधी बोलायचा नाही. त्यानं उजवा हात वर केला. त्या हाताला तीनच बोटं. आम्ही तो हात रोज बघत होतो, पण बोटं कशी गेली ते कुणी विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं. कांडी पेटवणारी स्फोटक टोपी दातानं चावून वातीला बसवायची त्याची खोड होती. एक दिवस दातानं न चावता बोटानं दाबली आणि ती हातातच उडाली, म्हणून बोटं गेली पण तोंड वाचलं. सांगताना तो हसत होता. दोऱ्या वळणाऱ्यांचे हात थांबले. घोरणारा जागा झाला. श्रीमंत म्हणाला, "गोरक्षा, तोंड गेलं असतं तर बायकोनं पेढं वाटलं असतं." गोरक्ष म्हणाला, "तिनं तवाच नवस केला हुता."

दुपारपर्यंत गोदामात कल्ला झाला. संध्याकाळी ही बातमी वस्त्यांवर गेली. दुसऱ्या दिवशी एकोणीस आले, आठवड्यात एकतीसच्या एकतीस. दाजीही आला. मालननं माझ्या बायकोकडं निरोप पाठवला, दादानं शब्द राखला.

दाजी तर वर्गाचा राजाच झाला. त्याच्याजवळ सांगायला पुष्कळ होतं आणि सांगायची हातोटी होती. एके दिवशी त्यानं सांगितलं की जोड बार तो तळपायानं ओळखतो. बार उडायच्या वेळी वहाणा काढून अनवाणी उभं राहायचं. कानाला एक आवाज येतो, पण जोड असेल तर तळपायाला दोन ठोके लागतात.

"थापा," श्रीमंत म्हणाला.

"थापा? लाव पैज. हरलो तर मिशी काढतो."

शनिवारी आम्हाला माळावर नेऊन खरे बार उडवायला देत. त्या शनिवारी गोरक्ष आणि श्रीमंतानं बार भरले. दोन वाती मुद्दाम सारख्या लांबीच्या कापल्या, बाकीच्या कमीजास्त. दाजी पाठ करून अनवाणी उभा राहिला. सहा पेटवलेल्यांतले पाच आवाज झाल्यावर त्यानं हात वर केला. "जोड!" बरोबर होतं. पुढच्या शनिवारी पुन्हा बरोबर. त्याच्या पुढच्या शनिवारीही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. निम्मा वर्ग वहाणा काढून उभा राहायला लागला. मीही राहिलो. मला एकदा दोन ठोके लागल्यासारखे वाटलेसुद्धा.

आमची चूक मी आज एका ओळीत सांगू शकतो. तिन्ही शनिवारी आम्ही जोड ठेवला. झोपलेला बार एकदाही ठेवला नाही. तो मुद्दाम ठेवणार कोण? त्यामुळं आवाज कमी आला की जोड म्हणायचं, आणि ते दर वेळी बरोबर ठरायचं. ते तळपायानं सांगितलं काय आणि शेंबड्या पोरानं सांगितलं काय, सारखंच. एकतीस अनुभवी माणसांच्या हे ध्यानात आलं नाही. इतका आनंद झाला होता आम्हाला.

फेब्रुवारीत वरचे साहेब तपासणीला आले. हजेरीपट बघून खूश झाले. नाताळानंतर एकही खाडा नाही. त्यांनी विष्णुपंतांना विचारलं, प्रौढ लोक कंटाळून पळतात, तुम्ही त्यांना धरून कसं ठेवलं? विष्णुपंत म्हणाले, "त्यांना बोलतं केलं, साहेब." साहेबांनी दाजीचं तळपायाचं कसब ऐकलं, मान डोलावली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. पुस्तिका कुठवर आली ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही एकविसाव्या पानावर होतो.

उरलेली एकोणीस पानं शेवटच्या शनिवारी सकाळी मी वाचली. घाईघाईनं, एका दमात. फोटो काढायला नगरहून माणूस आला होता. सगळे धुतलेले कपडे घालून फेटे बांधत होते. न उडालेल्या बारासाठी अर्धा तास थांबावं, त्या भोकाला हात लावू नये, हाताएवढ्या अंतरावर दुसरं भोक पाडून तो उडवावा, असं बाविसाव्या पानावर लिहिलेलं होतं. मी वाचलं. दाजी तेव्हा श्रीमंताच्या फेट्याचा शेमला ओढत होता. मी आवाज चढवला नाही. विष्णुपंतांनी पानापुढं वाचल्याची खूण केली. दुपारी परवाने वाटले.

मंगळवारी आमच्याच वस्तीच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत आम्ही सहा भोकं पाडली. बुधवारी सकाळी दाजीनं वाती पेटवल्या आणि वर आला. बायका हंडे घेऊन लांब लिंबाखाली बसल्या होत्या. झरा लागतो का बघायला निम्मी वस्ती जमली होती. दाजीनं वहाणा काढल्या.

पाच आवाज आले.

"चवथा जोड हुता," दाजी म्हणाला. "सोडा बादली."

मी विडी पेटवली होती. "दाजी, थांबा. विडी होऊ द्या. दोन होऊ द्या."

"शाळा सुटली, मॉनिटर."

बायका हसल्या. मी पुढं होऊन त्याचा दंड धरला. तो म्हणाला, "काय वो, तीन शनिवार डोळ्यांनी बघितलं न्हाई का? खांद्यावर कोन घेतलं हुतं मला?" मी घेतलं होतं. त्याच्या एका पायाखाली माझाच खांदा होता. माझी पकड ढिली झाली. मी ढिली केली, असंच म्हटलं पाहिजे. तो बादलीत बसला, शीळ घालत. यारी फिरायला लागली. बादली तळाला टेकल्याचा झटका दोराला बसला आणि सहावा बार उडाला.

वर कसं काढलं, काय काढलं, ते मी लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी खर्ड्याला चालत गेलो. सायकलवर बसायचं भान नव्हतं. विष्णुपंत गोदामात बाकं मोजून गाडीत चढवून घेत होते. त्यांना कळलं होतं. मला बघून त्यांनी टोपी काढली.

"तळपायाचं खोटं हुतं," मी म्हणालो.

"हो."

"तुमाला कवा कळलं?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "पहिल्याच शनिवारी. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय परीक्षा होत नाही."

"मग बोलला का न्हाई?"

"मच्छिंद्रराव," ते म्हणाले, "मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात सगळे जागे असलेले पाहिले हो. मी मधे बोललो असतो तर पुन्हा झोपले असते."

मी हात उगारला. खरोखर उगारला. गाडीवाला मधे पडायला धावला. विष्णुपंत तसेच उभे राहिले, तोंडसुद्धा फिरवलं नाही. पण माझा हात खाली आला, कारण मारायचंच तर पुस्तिका मिटणाऱ्याला आधी मारायला हवं होतं. साहेबाला मारायला हवं होतं, ज्यानं हजेरी बघितली आणि पान बघितलं नाही. ज्यांनी तीन महिन्यांत एकदा सरळ भाषेत, डोळ्याला डोळा लावून सांगितलं नाही की बाबांनो, आवाज कमी आला की झोपलेलाच समजा, जोड नावाची गोष्टच विसरा, त्या सगळ्यांना. माणसं जागी ठेवण्याच्या नादात आम्ही त्यांना जे आवडतं तेच देत गेलो. कंटाळवाणं वाचून एक जण चुकला, गोड करून दुसरा चुकला. मला दुसऱ्याचा राग जास्त येतो, कारण तो मी आहे.

दहाव्यानंतर मालनला भेटलो. ती चुलीपुढं बसली होती, चूल पेटलेली नव्हती.

"दादा, न उडालेल्या बाराचं तुमाला शिकवलं न्हवतं का?"

"पुस्तकात हुतं. बाविसाव्या पानावर."

"तू वाचलं हुतंस?"

"वाचलं."

"ह्यांच्यापुढं?"

"व्हय."

"पानावर हुतं, तू वाचलं, हे समोर हुतं," ती म्हणाली. "मग ह्यांच्या डोक्यात का न्हवतं?"

मी तिला पाठ दाखवून उठलो. त्या उन्हाळ्यात दुसरा वर्ग निघाला तेव्हा विष्णुपंतांनी मला निरोप पाठवला, मदतीला या म्हणून. मी गेलो नाही. नंतर कळलं की त्या वर्गात ते पहिल्या दिवशी बाविसावं पान वाचतात आणि प्रत्येकाकडून उभ्यानं म्हणवून घेतात. लोक कंटाळतात, पळतात. उरतात ते म्हणतात. ते ऐकूनही माझा राग गेला नाही. एका माणसावर शिकून घेतलं, असं मला वाटलं.

माझी बहीण मालन हिचा नवरा रंगनाथ बुधवारी, २१ फेब्रुवारी १९७३ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या वस्तीच्या विहिरीत मेला. परवाना मिळून त्याला चार दिवस झाले होते.